नाव गाळलेलं पत्रक

पोलीस ठाण्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. वकील याला सावधगिरी म्हणतात. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. दोन वर्षांपूर्वी ती वाटत नव्हती, आणि वाटत नव्हती म्हणूनच हे सगळं झालं.

त्याआधी मी नांदेडात पत्रकं काढायचे. वसतिगृहातलं पाणी, अडकलेली शिष्यवृत्ती, विष्णुपुरीचं धरण उशाला असून चार-चार दिवस कोरडे राहणारे नळ. आमच्या संघटनेत शिकवलेलं होतं, पहिल्या ओळीवर चालता माणूस थांबला पाहिजे, दुसरीवर चिडला पाहिजे. मला ते जमायचं. चिडायला मला कधी कष्ट पडले नाहीत.

मग लातूरच्या एका छोट्या संस्थेत लागले. कोठडीत मार खाऊन आलेल्या माणसांना आधार देण्याचं काम. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. ते चालवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, आधी दवाखान्यात समाजसेविका होत्या. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांचे नियम मात्र भरपूर होते. येणाऱ्या माणसाची खुर्ची अशी ठेवायची की त्याला दार दिसलं पाहिजे, आणि त्याच्या व दाराच्या मधे आपण बसायचं नाही. दाराला कडी लावायची नाही. खाकी रंगाचं काही घालायचं नाही. पहिल्या भेटीत वही काढायची नाही. कुणाच्या घरी गेलो तर गाडी गल्लीच्या तोंडाला लावून चालत जायचं, कारण दाराशी गाडी बंद झाल्याचा नुसता आवाज काही घरांना पुरतो.

मला हे सगळं मऊ वाटायचं. तिकडं माणसांचे पाय फोडून राहिलेत आणि आपण इकडं खुर्च्या फिरवून राहिलोय, असं मी एकदा मॅडमना तोंडावर बोलले. त्या म्हणाल्या, खुर्ची फिरवून झाली असेल तर पंख्याखालची ती पिशवी उचल.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो आला. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला बाई. भोकरकडच्या एका गावचा, शेतातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. कालव्यावरच्या काही मोटारी चोरीला गेल्या आणि ज्याला मोटार उघडता येते तो चोर, असा साधा हिशेब कुणीतरी लावला. बाजारच्या दिवशी पोलिसांनी त्याला भर बाजारातून उचललं. मग मुदखेड रेल्वे स्टेशनच्या बाकड्यावर आणून सोडलं. पायात चप्पल जात नव्हती. येणारे-जाणारे दारुडा समजून बाजूनं गेले.

कुठं नोंद नाही. नोंद नाही म्हणजे अटक नाही. अटक नाही म्हणजे मार नाही. मार नाही म्हणजे तळपाय आपोआप काळेनिळे झाले असणार. सोडताना त्याला सांगितलं होतं, तोंड उघडलंस तर पुन्हा उचलू, आणि या वेळी स्टेशनवर सोडणार नाही.

म्हणून तो लातुरात बहिणीकडं राहायला आला होता. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. ती निलंग्याकडं दिलेली, नवऱ्याच्या कामासाठी शहरात आलेली. पत्र्याची दोन खणांची खोली, मधे साडीचा पडदा. दादा पडद्याच्या आत असायचा. दिवसासुद्धा.

मॅडमनी तक्रार वर पाठवली होती आणि तिच्यावर चौकशी लागायची होती. चौकशीत दादानं स्वतः सांगितलं तरच काही होणार होतं. बाकी पुरावा म्हणजे दोन तळपाय, आणि तेही बरे होत चाललेले. दर गुरुवारी तो पायाच्या व्यायामासाठी यायचा, आणि त्यानंतर जमेल तेवढं सांगायचा. मॅडम जमेल तेवढंच लिहायच्या. एका दिवशी दोन ओळी, एका दिवशी काहीच नाही. मी मनातल्या मनात घड्याळ बघायचे.

चहाचं त्यानं मला सांगितलं, मॅडमना नाही. मॅडम खाली गेल्या होत्या. आमचा टेबलावरचा पंखा बंद पडला होता आणि तो त्यानं न सांगता उघडून बसला होता. हातात काम असलं की त्याची जीभ सैल व्हायची. मी सहज विचारलं, दादा, इथं तुम्ही कधीच चहा घेत नाही, कामून? स्क्रू फिरवत फिरवत त्यानं सांगितलं. मारून झालं की तिथं चहा यायचा. बशीत ओतून तोंडाला लावायचे आणि विचारायचे, कसा झालाय. चहा चांगला झालाय साहेब, असं म्हटलं की दुसरा घोट. नाही म्हटलं की पुन्हा पट्टा.

"आता वास आला तरी माझं तोंड आपोआप तेच म्हणायला लागतंय," तो म्हणाला आणि पंखा चालू करून दाखवला.

मी मॅडमना सांगायला पाहिजे होतं. मी त्या रविवारी नांदेडला घरी गेले आणि पत्रक लिहिलं.

एका बैठकीत लिहून झालं. वर ठळक अक्षरात: "चहा चांगला झालाय, साहेब!" त्याखाली सगळं. तीन दिवस, पट्टा, बशी, घोट, बाकडं. मी काळजी घेतली नव्हती असं नाही. नाव गाळलं. गाव गाळलं. वय गाळलं, भोकर काढून 'जिल्ह्यातील एक तरुण' केलं, मोटारींचा उल्लेख सुद्धा काढला. दोनदा वाचून खात्री केली की याच्यावरून कुणालाही माणूस ओळखता येणार नाही. नाव गाळलं की माणूस सुरक्षित, हे मला इतकं पाठ होतं की त्यावर कधी विचारच केला नव्हता. संघटनेतल्या मित्रांनी गुलाबी कागदावर छापलं आणि दोन दिवसांत वाटलं, कोर्टाबाहेर, स्टँडवर, चौकात. लोक थांबले. चिडले. एका वयस्कर शिक्षकांनी पत्रक परत वाचून डोळे पुसलेले मी पाहिले आणि मला आनंद झाला. हो, आनंदच झाला. लपवून काय करू?

पुढच्या आठवड्यात दुपारी अक्काचा फोन आला. ती फोनवर ओरडून बोलणारी बाई, त्या दिवशी कुजबुजत होती. एवढंच म्हणाली की या, आणि गाडी आणू नका.

मी गेले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं आणि ती उंबऱ्यात बसलेली. झालं होतं ते असं. तासाभरापूर्वी एक माणूस दारात आला. साधे कपडे, पांढरा शर्ट, हातात हेल्मेट. पत्ता विचारला, गल्लीतल्या एका दुकानाचा. मग पाणी मागितलं. उन्हातून आलेला माणूस, पाण्यावर कसा पाठवायचा? अक्कानं बसा म्हटलं, चहा टाकला. तो बाहेरच्या खणात पाटावर बसून चहा प्याला. सावकाश. कप खाली ठेवला, उठला, हेल्मेट घेतलं आणि पडद्याकडं बघून बोलला.

"चहा चांगला झालाय, अक्का."

अक्का म्हणाली, एवढंच बोलला बाई. शिव्या नाहीत, धमकी नाही. आणि मला तर कौतुकच वाटलं की बघा, किती गोड बोलतंय माणूस. मग आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

पडद्याआड दादा ज्वारीच्या पोत्यांच्या आणि भिंतीच्या मधे घुसला होता. तिथं लेकरू सुद्धा मावलं नसतं. दोन्ही हातांनी त्यानं तोंड दाबून धरलं होतं. मी हाक मारली तर त्यानं मला ओळखलं नाही. अक्कानं विचारलं, हे काय चहाचं? ह्याला चहा का चालत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते फक्त त्याला, मला, आणि ज्यांनी पाजला त्यांना.

तेव्हा मला जे झालं ते मला पत्रकात लिहिता आलं नसतं. हातपाय गार पडणं वगैरे आपण लिहितो. माझे हात गरम झाले होते, भाजल्यासारखे. मी दाराकडं बघत राहिले. गल्लीत एक गाडी थांबली आणि मी, मोर्चात पोलिसांच्या तोंडावर घोषणा देणारी मी, अक्काच्या मागं सरकले. दूधवाला होता.

मॅडम आल्या. त्या आधी दादाजवळ जमिनीवर बसल्या, पडदा पूर्ण सरकवून, म्हणजे त्याला दार दिसावं. तो बाहेर आल्यावर, त्याला पाणी दिल्यावर, त्या मला गल्लीच्या टोकाला घेऊन गेल्या. माझ्या पिशवीत एक पत्रक होतं. मी ते दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं.

मी म्हणाले की मॅडम, मी नाव कुठंच टाकलेलं नाही.

"नाव तू लोकांपासून लपवलंस," त्या म्हणाल्या. "ज्यांनी मारलं त्यांना नाव कशाला लागतंय?"

त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भांडायला तरी आलं असतं. त्यांनी पत्रकाची घडी घातली आणि विचारलं, त्याला कोण सांगणार, तू का मी?

पुढचे दोन दिवस मी नांदेडात पत्रकं गोळा करत फिरले. वेड्यासारखी. वाटलेलं पत्रक परत मागायचं असतं का कुठं? स्टँडवरच्या एका गाड्यावर माझ्या गुलाबी कागदावर भजी देत होते. मी तो गठ्ठा मागितला तर भजीवाला म्हणाला, ताई, चांगलं लिहिलंय कुणीतरी, मीही वाचलं. कोर्टाजवळ एकानं ते फोटो काढून सगळीकडं पाठवलं होतं, तेही अभिमानानं दाखवलं. तिथं मी गोळा करणं थांबवलं. मागं कुणी येतंय का हे बघण्यासाठी मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचे. घरी आईनं विचारलं, तुझी चप्पल तुटली का?

दादाला मी सांगितलं तेव्हा मॅडमनी त्याची जागा बदललेली होती. लातुरातच, दुसऱ्या टोकाला, मॅडमच्या ओळखीच्या एका कुटुंबात. अक्काही चार दिवसांसाठी तिथं आली होती. मी सांगून टाकलं की पत्रक मी लिहिलं, तुम्हाला न विचारता. अक्कानं कपाळाला हात लावला. म्हणाली, शिकलेल्या बायका गं तुम्ही, आमच्या अंगणातल्या कोंबडीला कळतंय कुठं ओरडायचं आणि कुठं न्हाई.

दादानं मला ते वाचून दाखवायला सांगितलं. माझी तयारी शिव्या खाण्याची होती, वाचण्याची नव्हती. मी वाचलं. ती उद्गारचिन्हं. 'नराधम'. 'रक्ताचा घोट'. तो मान खाली घालून ऐकत होता, मोटारीचा आवाज ऐकावा तसा, कुठं खटखट होतंय ते शोधत.

"तीन दिवस न्हाई, चार," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आन् चहा देणारा येगळा होता. मारणारा येगळा. चहा देणाऱ्याचा हात कापायचा. नवीन होता बहुतेक. ते न्हाई लिहिलं तुम्ही."

ते त्यानं मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मला बशी मिळाली होती आणि ती मला पुरली होती. पत्रकात एकच राक्षस चांगला दिसतो.

मी अक्काला विचारलं, त्या दिवशी आलेल्या माणसाचा हात कापत होता का. ती म्हणाली, हात कोण बघतंय बाई, मी कप बघत होते, फुटका तर दिला न्हाई ना म्हणून. तो माणूस कोण होता, हे आम्हाला आजही माहीत नाही.

चौकशीची तारीख आली. नांदेडला एका कार्यालयात, अधिकाऱ्यासमोर जबाब. मॅडमनी दादाला स्पष्ट सांगितलं की जायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, आणि न गेला तरी गुरुवार चालूच राहणार. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. चौथ्या दिवशी म्हणाला, येतो. सगळं सांगतो. चहाचं सोडून. ते आता माझं राहिलं न्हाई.

आम्ही तिघं एसटीनं निघालो. मॅडम आणि तो एका बाकावर, मी दोन बाकं मागं, कारण मागून गाडीत कोण चढतंय ते मला दिसावं. लोह्याच्या पुढं एक मोटारसायकल बराच वेळ बसच्या बरोबरीनं चालली. पांढरा शर्ट. मी नंबर लिहून घेतला. मग ती एका शेताच्या वाटेला वळली आणि मला घाम आला तो नांदेडपर्यंत वाळला नाही.

कार्यालयात अधिकारी वागायला नीट होते, हे सांगितलं पाहिजे. बसायला सांगितलं. मॅडमनी दार उघडं ठेवता येईल का विचारलं, तर त्यांनी स्वतः उठून उघडलं. मी भिंतीशी बसले. दादानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. बाजाराचा दिवस सांगितला. आवाज बारीक होता पण चालू होता. त्यानं सांगणं ठाण्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीपर्यंत आणलं, त्याला बांधलं त्या खिडकीच्या गजापर्यंत आणलं. मॅडमचा हात खुर्चीच्या दांड्यावर सैल पडलेला मला दिसला आणि मला वाटलं, होतंय.

तेव्हा अधिकाऱ्यांनी फायलीतून एक कागद काढला. गुलाबी. वर पेनानं दोन ठिकाणी रेघा मारलेल्या. त्यांनी तो टेबलावर सरकवला आणि सरळ विचारलं, रागानं नाही, कामाचा प्रश्न म्हणून.

"हे तुम्हीच सांगितलेलं आहे ना? यात तीन दिवस लिहिलंय. तुमच्या तक्रारीत चार आहेत."

मॅडम म्हणाल्या की ते पत्रक तक्रारीचा भाग नाही. अधिकारी म्हणाले, मान्य आहे, पण समोरच्या बाजूनं ते दिलंय, मला विचारावं लागेल.

समोरच्या बाजूनं. म्हणजे ठाण्यातल्या त्या लोकांनी माझं पत्रक जपून ठेवलं होतं, रेघा मारून. मी रस्त्यावर एकेक कागद शोधत होते तेव्हा एक इथं येऊन बसलेला होता.

दादा कागदाकडं बघत राहिला. त्याला पहिली ओळ वाचता येत होती, चौथीपर्यंत शिकलेला होता. त्याचे ओठ हलले. तो ती ओळ म्हणतो आहे हे मला कळलं, आणि मॅडमनाही. त्या अर्धवट उठल्या.

"हे मी न्हाई सांगितलं," तो म्हणाला.

"मग पायाला काय झालं?"

"पडलो."

"कुठं?"

"इहिरीत उतरताना. पाय घसरला."

अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं. दोन्ही तळपायांवर, असं विचारलं. तो मान डोलावून हाव म्हणाला. थोडा वेळ विचार करा, असं ते म्हणाले, पाणी घ्या. तो म्हणाला, पाणी नको साहेब, मी पडलो. मग त्यांनी लिहिलं. त्यानं वाकून सही केली, सावकाश, एकेक अक्षर. त्याची सही मी त्या आधी पाहिली नव्हती. सुंदर होती.

पत्रक मी लिहिलंय, ते चूक आहे, चार दिवस खरे आहेत, हे ओरडून सांगावं म्हणून मी उभी राहिले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. खाली बसले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी खाली बसले. मी बोलले असते तर अजून एक ओळ लिहिली गेली असती आणि त्याच्या वतीनं पुन्हा मीच बोलले असते.

बाहेर आल्यावर मॅडमनी त्याला एवढंच विचारलं की पाय दुखतात का, जिने उतरायचेत. जबाबाबद्दल एक शब्द नाही. माझ्या डोक्यात मात्र नुसत्या घोषणा चालल्या होत्या. कोण जिंकलं, तर तो पांढरा शर्ट. एक कप चहा आणि एक वाक्य, एवढ्यात. बाकीचं मी पुरवलं.

परतीच्या बसमध्ये तो स्वतः माझ्या शेजारी येऊन बसला, मॅडम पुढं. बराच वेळ खिडकीतून शेतं बघत होता. कुठं मोटार चालू आहे, कुठं बंद, हे तो आवाजावरून सांगायचा, त्या दिवशी सांगितलं नाही. अहमदपूर जवळ आल्यावर म्हणाला, "बाई, आता मी पडलो म्हणून लिहून दिलं. आता तरी ते येणार न्हाईत ना?"

मॅडमनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. उत्तर त्यांनी माझ्यावर सोडलं.

मी म्हणाले, "माहीत नाही, दादा."

त्यानं मान हलवली. राग नव्हता त्यात. बस स्टँडात शिरली, खडखडत थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. काही उतरले, नवीन माणसं चढली, हातात पिशव्या, लेकरं, एकाच्या हातात हेल्मेट. आम्ही तिघांनीही एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं, आणि तो हेल्मेटवाला कुठं बसतोय ते बघत राहिलो.